हरकत नोंदवून घ्यावी

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘प्रस्थान’ हा विषय सुचविला तेव्हा त्यांच्या मनात बहुधा पालखीचे, मोहिमेचे किंवा महायात्रेचे प्रस्थान असावे. परंतु ज्याची तारीख, वाहन आणि सामानाचे वजन ही सर्व मुक्रर झालेली असून ज्याला जावयाचे आहे त्याचीच तेवढी मंजुरी कोणी घेतलेली नाही, असे एक प्रस्थान अलीकडे आपल्या समाजात घरोघर घडू लागले आहे, आणि त्याचीच हकिगत लिहावी असे मला वाटले. आईबाप परदेशी राहावयास निघतात, त्यांच्याबरोबर चार-पाच वर्षांचे मूल निघते, आणि ते मूल ‘नाही’ म्हणते. मग घरातली शहाणी माणसे त्याची समजूत घालू लागतात. ही समजूत कशी घातली जाते आणि कशी घातली जावी, हे पाहण्यासाठी पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत जाण्याऐवजी मी नागपूर जिल्ह्यातल्या खाप्याला गेलो. कारण महानगरातल्या मुलाला परदेशाची निदान गप्पांतून ओळख असते, तर खाप्याच्या मुलाला सावनेरचा बाजार हीच दूरची मजल असते.

सावनेर तहसिलीत कन्हान नदीच्या उंच काठावर वसलेले खापा हे जुने विणकरांचे गाव. येथली नगरपालिका १८६७ सालची, म्हणजे जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरास १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली तिच्याही आधीची. ती गिरणी निघाली आणि आसपासच्या विणकर वस्त्यांतली तरणी माणसे हातातला धोटा ठेवून गिरणीच्या भोंग्यावर चालू लागली. पुढे जवळच गुमगावला मँगनीजची खाण झाली, तेव्हा काही जमिनीखाली उतरली. पोटासाठी घर सोडणे या मुलखाला नवे नाही. नवे एवढेच, की आता बोलावणे फार लांबून येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला, आणि परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा माणसांच्या घरी जर्मन भाषेची पुस्तके दिसू लागली.

ज्या घरी मी गेलो तिथली सून या सरकारी करारापूर्वीच्या, खासगी संस्थेच्या वाटेने गेलेली. नागपुरास परिचारिकेचे शिक्षण घेतलेले, दिवसा रुग्णालयातली पाळी आणि संध्याकाळी भाषेचा वर्ग असा दुहेरी व्याप सांभाळून परीक्षा उतरलेली, ही बाई आता स्टुटगार्टजवळच्या एका लहान गावी नोकरीस आहे. मागे राहिले नवरा, सासू आणि मुलगी. सासऱ्यांचा खड्डामाग जेथे होता तेथे फरशी बसविली आहे; तरी खड्डा बुजविला ती जागा किंचित दबलेली असून चालताना पायाला कळते. दिवाळी झाली की बापलेकींनी जावयाचे आणि आजीने खाप्यातच राहावयाचे, असा बेत आहे. नावे छापू नयेत, या एका अटीवर या मंडळींनी मला आपल्या ओसरीवर बसू दिले.

मुलगी साडेपाच वर्षांची. तिचे म्हणणे थोडक्यात असे : “मी नाही जात. आईलेच इकडं बोलवा.” या म्हणण्यात तर्कदोष कोणता, हे मला तरी दाखविता आले नाही.

आमिषे

गावाने आपल्या परीने तिला वळविण्याचा उद्योग मनापासून केला होता. किराणा दुकानदाराने सांगितले, की तिकडे बर्फ पडतो, तुला बर्फात खेळायला मिळेल. त्यावर तिने “बरफाचा गोला तं आपल्या खाप्यातबी भेटते” असे सांगून त्याला निरुत्तर केले. आत्याने विमानाचे वर्णन केले. परंतु विमानाविषयी या मुलीचे मत फार वाईट आहे, कारण तिच्या अनुभवात विमान हे आईला घेऊन जाणारे वाहन आहे. चॉकलेटे, बाहुल्या, मोठमोठ्या बागा यांचे ढीग तिच्यापुढे रचले गेले, आणि जितका ढीग वाढला तितकी तिची शंका बळावली. ज्या ठिकाणाची इतकी तारीफ करावी लागते त्या ठिकाणी काहीतरी काळेबेरे असले पाहिजे, हे ओळखण्याइतकी अक्कल पाचव्या वर्षी मनुष्यास आलेली असते.

दुसरा प्रकार आमिषाहून वाईट. लहान मुलांची थट्टा करण्याची आपल्याकडे जी एक रूढ तऱ्हा आहे, तिला अनुसरून एका शेजारणीने हसत हसत म्हटले, “नको जाऊ मंग, तुई आई तिकडची गोरी पोट्टी आणून घेईन.” सगळे हसले. मुलगीही हसली. त्या रात्रीपासून ती अंथरूण ओले करू लागली, असे आजीने मला स्वयंपाकघरात, आवाज खाली आणून सांगितले. मोठ्यांच्या थट्टेला मुले हसतात, कारण हसणे अपेक्षित आहे एवढे त्यांना कळते. थट्टा होती हे कळत नाही. असली थट्टा करणाऱ्यास मी तरी निरुपद्रवी समजत नाही.

आणि या सर्व गोंगाटात तिचे स्वतःचे प्रश्न कोणी ऐकले नव्हते. ओसरीवर बसून, तिच्याशी न बोलता, नुसता तिचा बाहुल्यांचा खेळ ऐकत राहिलो तेव्हा ते एकेक बाहेर पडले. तिकडच्या घरात रात्री उठावे लागले तर दिव्याचे बटन माझ्या हाताला पुरेल का? आजीच्या ताटाशेजारी कोण बसेल? आणि शेवटचा, जो तिने बाहुलीच्या तोंडी घातला होता : आपण तिथे पोचलो की पप्पा कुठे जातील? आई परदेशी गेली म्हणजे घरातून नाहीशी झाली, हा एकच धडा तिला परदेशाविषयी मिळालेला. तेव्हा आता आपण तिकडे गेलो की आई मिळेल आणि त्या बदल्यात बाप जाईल, असा हिशेब तिने मांडला होता. बर्फाच्या कितीही राशी त्या हिशेबाला उत्तर नव्हत्या. बापाने तो ऐकला तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग तिला मांडीवर घेऊन त्याने एवढेच सांगितले, की तिथे तिघेही एका घरात झोपणार आहेत. “रोज?” “रोज. आईची रात्रपाळी असली तं दोघं.” हा दुसरा तपशील त्याने गाळला नाही, हे मला विशेष वाटले.

दफ्तरातला अंगठा

मुलीचे पारपत्र आई जाण्यापूर्वीच काढले होते. ते मी पाहिले. अल्पवयीनाच्या पारपत्रास आई आणि बाप या दोघांच्या सह्यांचे घोषणापत्र लागते. त्याची मुदत पाच वर्षे. आणि मुलाला सही करता येत नसेल तर त्याचा अंगठा घ्यावयाचा, पालकाने त्याच्या नावाने सही ठोकावयाची नाही, असा नियम आहे. नियम चोख आहे. मात्र त्या अंगठ्याचा अर्थ ओळख एवढाच. संमती विचारणारा रकाना त्या कागदात कोठेही नाही, आणि तो नसावा हेही बरोबरच, कारण पाच वर्षांच्या मुलाच्या होकारावर कुटुंबाचा निर्णय टांगून ठेवणे म्हणजे ज्याच्या खांद्यावर ओझे नको त्याच्याच खांद्यावर ते देणे होय. माझे म्हणणे वेगळे आहे. निर्णय मोठ्यांचा असावा, परंतु हरकत नोंदविण्याचा अधिकार मुलाचा असावा, आणि आपण नेमके उलट करतो : “काय मग, यायचे ना?” असे लाडाने विचारतो, म्हणजे नसलेला निर्णयाधिकार देऊ करतो, आणि ‘नाही’ असे उत्तर आले की ते ऐकूनच घेत नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासात परदेशी गेलेल्या लहान मुलांची हकिगत शोधू लागले, तर पंडिता रमाबाईंची मनोरमा पहिल्यांदा आठवते. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला निघाल्या तेव्हा मनोरमा दोन वर्षांची होती. वाँटेजच्या मठात सिस्टर जेराल्डीन यांच्या देखरेखीखाली ती वाढू लागली. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या, त्या वेळी पुरती पाच वर्षांचीही नसलेली मनोरमा बरोबर होती. आणि पुढे अमेरिकेतला मुक्काम लांबला तेव्हा तिला त्याच वर्षी पुन्हा इंग्लंडला पाठविण्यात आले. रमाबाई आणि जेराल्डीन यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. मुलीला कोणत्या धर्मतत्त्वांचे शिक्षण द्यावे यावरून दोघींत केवढा कडाक्याचा वाद झाला हे त्यातून कळते. रमाबाईंच्या अडचणी लहान नव्हत्या, आणि आजच्या गादीवर बसून त्यांचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. तथापि आई मोठी असली, कार्य मोठे असले, तरी मूल पाचच वर्षांचे असते, एवढे ते दफ्तर चाळताना मनात येतेच.

याउलट चित्रही आहे. रँग्लर र. पु. परांजपे १९४४ ते १९४७ या काळात ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे हायकमिशनर होते. त्यांची नात सई, म्हणजे आपल्या सई परांजपे, तेव्हा सहा वर्षांच्या, आई शकुंतलाबाई आणि आजोबा यांच्यासह कॅनबेराला गेल्या. ज्यांच्या हातून जेवावयाचे आणि ज्यांच्याशी भांडावयाचे ती माणसे तीच राहिली. अर्थात हायकमिशनरांच्या बंगल्याची तुलना परिचारिकेच्या दोन खोल्यांशी होत नाही, हे मान्य करूनच मी हे लिहितो.

अंगणवाडीतल्या बाई

खाप्यात मला सर्वांत अधिक शिकविले ते एका अंगणवाडी सेविकेने. ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत जी अंगणवाडी रुजविली, तिचे नाव १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने देशभर नेले. या बाई त्या योजनेत केस पांढरे झालेल्या. त्या स्वतः नागपूरपलीकडे गेलेल्या नाहीत. परंतु दर जूनमध्ये आईचा पदर सोडण्यास नकार देणारी डझनभर मुले त्यांच्या दारात उभी असतात, आणि त्यांच्या मते खाप्याहून जर्मनी आणि घराहून अंगणवाडी यांत मुलाच्या दृष्टीने फारसे अंतर नाही.

“आई लपून पळाली नं,” त्या म्हणाल्या, “तं ते लेकरू महिनाभर दाराकडं पाहून राहते. आईनं सांगितलं, मी जाते, खिचडी वाटली की येते, आणि खिचडीच्या टायमाले आली, तं दोन-चार दिवस रडते अन् मंग खेळते. लेकराले रडू द्या, फसवू नका.” आईने जर्मनीला जाताना काय केले होते, असे मी विचारले. मुलगी झोपेत असताना पहाटे गाडी निघाली होती. रडारड नको म्हणून. सगळ्यांनाच तेव्हा ते शहाणपणाचे वाटले होते.

बाईंनी अनुभवाने जे सांगितले तेच विलायतेतल्या डॉक्टरांना एका महायुद्धाने शिकविले. सप्टेंबर १९३९ मध्ये बॉम्बच्या भीतीने इंग्लंडातल्या शहरांतून लक्षावधी मुले खेडोपाडी हलविण्यात आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जॉन बोल्बी, इमॅन्युएल मिलर आणि डोनाल्ड विनिकॉट यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ला पत्र लिहून, दोन ते पाच वर्षांच्या मुलांना आईवाचून असे हलविणे त्यांच्या मनःस्वास्थ्यास घातक ठरेल असा इशारा दिला. पुढे हॅम्पस्टेडच्या युद्धकालीन बालगृहात काम करताना ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनाही असे आढळले, की आई जवळ असलेली मुले बॉम्बहल्ले सोसतात, परंतु आईपासून तुटलेली मुले सुरक्षित खेड्यातही खंगतात. मुलाचा देश म्हणजे दोन-तीन माणसे. त्यांपैकी कोण बरोबर आहे आणि कोण मागे राहणार आहे, याची खरी माहिती त्याला अगोदर मिळाली पाहिजे. नकाशा नंतर दाखविला तरी चालतो.

गंमत अशी, की ज्या देशात ही मुलगी जावयाची आहे तिथल्या बालवाड्यांनी खाप्याच्या बाईंचीच रीत पद्धतशीर अमलात आणली आहे. १९८०च्या दशकात बर्लिनमध्ये आकारास आलेल्या एका पद्धतीनुसार, नव्या मुलाबरोबर आईने अथवा बापाने पहिले काही दिवस वर्गाच्या कोपऱ्यात बसून राहावयाचे; मग मुलाचा स्पष्ट निरोप घेऊन थोडा वेळ बाहेर जावयाचे आणि परत यावयाचे; आणि ही अनुपस्थिती मुलाच्या कलाने वाढवीत न्यावयाची. चोरून सटकण्यास तेथे मनाई आहे. हे मी बाईंना सांगितले, तेव्हा त्यांना आश्चर्य मुळीच वाटले नाही. कोपऱ्यात बसणाऱ्या बापाला चहा देतात काय, एवढीच त्यांनी चौकशी केली.

छत्रीची खुंटी

बाईंच्या सल्ल्यानंतर आईच्या रोजच्या व्हिडिओ कॉलची तऱ्हा बदलली. तोवर ती मुलीला गावातले कारंजे, टेकडीवरचा किल्ला, ख्रिसमसच्या बाजारातली रोषणाई असे प्रेक्षणीय सर्व दाखवीत असे, आणि मुलगी मध्येच उठून जाई. आता तिने घर दाखविण्यास सुरुवात केली. दिव्याचे बटन दाखविले, आणि त्याखाली एक लहान स्टूल ठेवून दाखविले. न्हाणीघरातला नळ डावीकडे फिरविला की गरम पाणी येते हे दाखविले. कचऱ्याचे डबे दाखविले : सालपटांचा वेगळा, कागदाचा वेगळा, वेष्टनांचा वेगळा. या डब्यांनी मात्र चमत्कार केला. कारंज्याने न हललेली मुलगी डब्यांनी हलली. दुसऱ्या दिवशी तिने खाप्याच्या घरात तीन टोपल्या मांडल्या, आजीने केळीची साल चुकीच्या टोपलीत टाकली म्हणून तिला बोल लावला, आणि नगरपालिकेच्या घंटागाडीवाल्याने तिन्ही टोपल्या एकाच पिंपात उलट्या केल्या तेव्हा ती संतापाने लाल झाली. “तिकडं असं नाही चालत,” असे तिने त्या बिचाऱ्याला सुनावले. ‘तिकडं’ हा शब्द कपाळाला आठी न घालता तिच्या तोंडून पहिल्यांदा निघाला तो असा.

पुढली पायरी बालवाडीची. तेथे मुलांना अजून वाचता येत नसल्यामुळे प्रत्येकाच्या कोटाच्या खुंटीवर एक चित्र असते. कोणती चित्रे शिल्लक आहेत ते आईने विचारून घेतले आणि मुलीला निवडावयास सांगितले. साळिंदरासारखा एक काटेरी प्राणी, गोगलगाय, आगगाडी आणि छत्री. तिने छत्री घेतली. कारण विचारले तर म्हणाली, “आपल्या घरी आहे.” हा निर्णय पूर्णपणे तिचा होता आणि तो अमलात आला, छत्रीची खुंटी तिच्या नावे राखून ठेवल्याचे आईने कळविले. पाऊस पडत असतानाही मुलांना रबरी विजारी घालून बाहेर खेळावयास नेतात आणि वर्गात शिरताना बाहेरचे जोडे काढून घरातल्या चपला घालावयास लावतात, हेही तिला सांगितले गेले. यांपैकी जोड्यांचा नियम आजीला मनापासून पसंत पडला, पावसाचा नाही.

वाईट गोष्टीही सांगितल्या. डिसेंबरात तिकडे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी वरण-भात नसतो, पाव असतो. पहिले काही महिने कोणाचे बोलणे समजणार नाही. हे सर्व ऐकून ती रडली. परंतु हे रडणे पूर्वीच्या रडण्याहून निराळे होते, असे बाप म्हणतो. पूर्वी ती कशासाठी रडते हे कळत नसे. आता ती वरण-भातासाठी रडत होती, आणि वरण-भाताची तजवीज करता येते. तूर्त बाप आजीकडून वरण शिकत आहे.

खडूच्या रेघा

पाच वर्षांच्या मुलाला तारीख कळत नाही, झोपा कळतात. म्हणून बापाने मागल्या भिंतीवर खडूने, जितक्या रात्री उरल्या तितक्या रेघा ओढल्या, आणि रोज झोपताना मुलीने एक पुसावी असा परिपाठ घातला. काही दिवसांनी त्याला आपलाच हिशेब चुकल्यासारखे वाटू लागले. रेघा कमी होण्याऐवजी वाढत होत्या. मी ती भिंत जवळून पाहिली : बापाच्या रेघा सरळ, एका उंचीच्या; आणि रांगेच्या शेवटी, जमिनीपासून हातभर उंचीवर, काही बुटक्या, तिरप्या, जोर देऊन ओढलेल्या रेघा. पहाटे आजी उठण्यापूर्वी ती त्या वाढवीत असे.

बापाने त्या पुसल्या नाहीत. वास्तविक येथेच त्याने माझे मन जिंकले. रेघा ओढल्याने विमान थांबत नाही, हे त्याने तिला स्पष्ट सांगितले, आणि तिने वाढविलेल्या रेघांपैकी दोन तिच्या मालकीच्या म्हणून मंजूर केल्या : त्या दोन दिवशी काय करावयाचे ते सर्वस्वी तिने ठरवावे. एक दिवस तिने अदाशाच्या गणपतीस जाण्यासाठी राखला. दुसऱ्या दिवशी कोणीही घराबाहेर पडावयाचे नाही, कोणीही सामान बांधावयाचे नाही आणि कोणीही फोनवर जर्मन बोलावयाचे नाही, असा तिचा हुकूम आहे.

परत कधी यावयाचे, हा प्रश्न अधिक अवघड. तिकडल्या शाळांची उन्हाळी सुट्टी जुलैअखेर लागून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालते, आणि पोळा बहुधा त्या मुदतीत सापडतो. ‘पुढच्या पोळ्याला येऊ’ असे वचन आजीच्या जिभेवर आले होते. तिकिटांचा खर्च पाहता ते पाळता येईलच अशी आईची खात्री नव्हती, म्हणून तिने ते देऊ दिले नाही. आजी त्यावर सुनेशी दोन दिवस नीट बोलली नाही. मला सुनेचे बरोबर वाटते, जरी आजीच्या ओसरीवर बसून तसे बोलण्याचे धैर्य मला झाले नाही.

काय न्यावे, काय ठेवावे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूर मुलखात तान्हा पोळा भरतो. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी मुलांसाठी तो सुरू केला, अशी परंपरा सांगतात. चाकांवरचे लाकडी बैल सजवून मुले ते ओढीत नेतात, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. या मुलीचा बैल सागवानी, तिच्या बापाच्या लहानपणचा. एक चाक नंतर बसविलेले, त्यामुळे किंचित डावीकडे ओढणारा. तो ती नेणारच, असे सर्वांनी गृहीत धरून बॅगेत घातला होता. तिने तो काढला. “तिथं पोळाच नाही तं बैल काय करीन?” बैल कोनाड्यात राहील, तान्ह्या पोळ्याला शेजारच्या मुलाने तो फिरवावा, मात्र बोजारा डब्यात जमा करून ठेवावा आणि तो तिचा असेल, असा बंदोबस्त तिने करून दिला.

न्यावयाची ठरली ती आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी, आणि तीही न धुता. आजीला हे भयंकर वाटले. इतकी मळकी गोधडी परक्या देशात नेली तर लोक काय म्हणतील! विनिकॉटनी १९५१ साली मुलांच्या अशा लाडक्या वस्तूंवर एक निबंध वाचला. ती वस्तू धुतली की तिचा वास जातो आणि मुलाच्या लेखी तिच्यातले सातत्यच तुटते, म्हणून समजूतदार आया ती मळू देतात, अशी त्यांची नोंद आहे. हे मी आजीला सांगितले. डॉक्टर सांगतात म्हणून तिने मानले, आणि गोधडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधली. तुपाची बरणी मात्र बांधता आली नाही, कारण दूध-मांसाचे पदार्थ प्रवाशाने युरोपीय संघात आणू नयेत असा तिथला कायदा आहे. त्या कायद्याविषयी आजीचे मत मी येथे लिहीत नाही.

एक चूक वेळीच टळली. घर आवरण्याच्या भरात मुलीची तीनचाकी कोणाला तरी देऊन टाकण्याचे चालले होते. आपल्या वस्तू डोळ्यांदेखत वाटल्या जाताना पाहून मुलाला जे कळते ते असे, की येथली आपली जागाही वाटून टाकली. मनुष्य निरोपाच्या वेळी ज्याचा शोक करीत नाही, तो शोक पुढे कित्येक वर्षे उसने रूप घेऊन येत राहतो, असे देशोदेशी वाढलेल्या मुलांवरच्या आपल्या ग्रंथात डेव्हिड पोलॉक आणि रूथ व्हॅन रेकेन यांनी १९९९ साली विस्ताराने मांडले. हा विचार ज्यांच्या कामावर उभा आहे त्या समाजशास्त्रज्ञ रूथ युसीम यांना त्याची दिशा मिळाली ती १९५०च्या दशकात, पती आणि मुलांसह हिंदुस्थानात येऊन राहिल्या असताना. तीनचाकी आता माळ्यावर आहे.

मौनाचे महिने

एवढे सारे केले म्हणजे मूल हसत विमानात चढेल, असा समज कोणी करून घेऊ नये. याच परिसरातल्या एका दुसऱ्या कुटुंबाशी मी फोनवर बोललो. त्यांचा मुलगा चार वर्षांचा असताना ते गेले, तयारीही मनःपूर्वक केली होती, तरी बालवाडीत तो कित्येक महिने एक अक्षर बोलला नाही. घरी मराठीत अखंड बडबड, तिथे ओठ मिटलेले. आईबाप घाबरले. नव्या भाषेत पडलेल्या मुलांत असा मौनकाळ पुष्कळदा आढळतो; मूल तेव्हा ऐकत असते, साठवीत असते. या काळात काही घरे घाबरून मराठी बंद करतात आणि मोडक्यातोडक्या परभाषेत मुलाशी बोलू लागतात, म्हणजे बाहेर मुके झालेल्या मुलाला घरातही मुके करतात. या कुटुंबाने तसे केले नाही. अकरा नोव्हेंबरला तिकडे सेंट मार्टिनच्या सणाला मुले कागदी कंदील घेऊन गात मिरवणुकीने निघतात. त्या मिरवणुकीत हा मुलगा पहिल्यांदा इतरांबरोबर गाताना दिसला. त्यानंतर तो बोलला तो नेमका भांडणात, कंदील ओढणाऱ्या मुलाशी. बापाच्या म्हणण्याप्रमाणे वाक्य व्याकरणशुद्ध होते.

अटी

खाप्याच्या मुलीने आता जाण्यास होकार दिला आहे काय, असे विचाराल तर नाही. तिने अटी घातल्या आहेत. बापाने आपल्या जर्मनच्या वहीच्या मागल्या पानावर त्या तिच्या तोंडून उतरून घेतल्या, वाचून दाखविल्या आणि खाली तिचा अंगठा घेतला. रात्री खोलीत दिवा राहील. विमानात खिडकी तिची. आई पुन्हा कधी झोपेत असताना जाणार नाही. ही तिसरी अट फोनवर वाचली तेव्हा पलीकडून लवकर उत्तर आले नाही, परंतु आले. चौथी अट आजीने तिकडे यावे ही. आणि आजवर पारपत्राचे नाव काढले की “मले काय करायचं त्याचं” म्हणणारी आजी त्या अटीपुढे नमली.

आजीजवळ जन्मदाखला नाही. त्या वयाच्या अर्जदारास जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखलाही चालतो, हे कळल्यावर ती चौथीपर्यंत ज्या शाळेत शिकली तिथे अर्ज दिला. कारकुनाने दाखल-खारीजचे जुने रजिस्टर धुंडाळून तिचे नाव काढले. जन्मतारीख १ जुलै. त्या पानावरच्या बहुतेक मुलांची तीच. अर्ज भरला की पोलीस पडताळणी होईल, शेजारपाजारचे साक्षीदार लागतील, असे बाप आईला फोनवर समजावीत होता. मुलगी मध्ये पडली. साक्षीदार आपण होणार. आजी इथेच राहते हे आपल्याला सगळ्यांहून जास्त माहीत आहे.